अंथरूण आधी, पांघरूण मग

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी वणीचा. म्हणजे सप्तशृंगीच्या पायथ्याच्या, दिंडोरी तालुक्यातल्या वणीचा. यवतमाळ जिल्ह्यातली वणी वेगळी. त्या वणीच्या जमिनीखाली कोळसा आहे, आमच्या वणीत तो काय तो शेगडीतच दिसतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण कोळशाकडे मला पुढे परत यायचं आहे.

माझी सगळी नोकरी जनावरांच्या दवाखान्यांत गेली. पशुधन पर्यवेक्षक हे आमचं सरकारी नाव. गावोगावची माणसं मात्र आम्हाला डॉक्टरच म्हणतात आणि आम्हीही ते फारसं दुरुस्त करत नाही. दिवाळी सरली, गडावरचा वारा खाली उतरायला लागला, की आठवडे बाजारात मला हटकून एक प्रश्न यायचा. "डॉक्टर, गाय रात्री कुडकुडते, तिच्या अंगावर काय घालू?" मी उलट विचारायचो, "तिच्या अंगाखाली काय घातलंय?" यावर समोरचा माणूस बहुधा गप्प व्हायचा. अंगाखाली कोण कशाला काय घालतो? आज मला तेच सांगायचं आहे. गाईबद्दल, कुत्र्या-मांजराबद्दल, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांबद्दलही. कारण ऊब जाते ती सगळ्यांची एकाच वाटेनं.

नाशिक जिल्ह्याची थंडी महाराष्ट्राला ऐकून ठाऊक आहे. खुद्द नाशिकात ७ जानेवारी १९४५ रोजी पारा ०.६ अंशांपर्यंत उतरल्याची नोंद आहे. अलीकडे बातम्यांत नाव येतं ते निफाडचं, कारण तिथल्या गहू संशोधन केंद्रात रोज तापमान टिपलं जातं. आम्ही निफाडच्या वायव्येला, डोंगराच्या कुशीत. आकाश निरभ्र, हवा कोरडी, ढगाचं पांघरूण नाही. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली सगळी ऊब मोकळ्या आभाळाला देऊन टाकते. शिवाय गार हवा जड असते. ती डोंगरउतारावरून पाण्यासारखी खाली ओघळते आणि ओहोळाकाठी, खोलगट वावरात साचून राहते. एकाच गावात टेकाडावरच्या वस्तीपेक्षा ओढ्याकाठची वस्ती जास्त गारठलेली असते ती यामुळे. गोठा बांधायची जागा निवडताना आमचे आजोबा-पणजोबा हे पाहायचे. आता आपण रस्ता कुठून जातो ते पाहतो.

द्राक्षवाल्यांना मात्र थंडी बरोबर कळते. पारा घसरला की मणी तडकतात, म्हणून पहाटे उठून बागेत ठिकठिकाणी शेकोट्या पेटवतात, ठिबकातून विहिरीचं पाणी सोडतात. विहिरीचं पाणी हिवाळ्यात हवेपेक्षा कितीतरी उबदार असतं, पहाटे त्यातून वाफा निघताना आपण पाहतोच. मी एका बागाईतदाराला थट्टेनं म्हटलं होतं, "दादा, घडांना शेकोटी आणि वासराला ओली फरशी, हा कुठला न्याय?" तो हसला, पण त्याच दिवशी त्यानं वासराखाली पेंढा टाकला. आणि तेच विहिरीचं ताजं पाणी सकाळी जनावरांना पाजावं. रात्रभर उघड्या हौदात गारठलेलं पाणी जनावर पोटभर पीत नाही. पाणी कमी पडलं की चारा कमी जातो, आणि चारा कमी गेला की ऊब कमी होते.

आता एक गोष्ट सांगतो, ती ऐकून काहींना राग येईल. मोठी गाय सहसा थंडीनं कुडकुडत नाही. तिच्या अंगाचं तापमानच साडेअडतीस अंशांच्या आसपास असतं, आणि पोटात तिनं एक भट्टी बाळगलेली असते. खाल्लेला कडबा, पेंढा पोटाच्या मोठ्या कप्प्यात आंबत राहतो आणि त्यातून सतत उष्णता निघते. म्हणून संध्याकाळी कोरडा चारा जरा सैल हातानं टाकावा. कोरड्या अंगाची, पोटभर खाल्लेली गाय आमच्याकडच्या पाच-सात अंशांत निवांत रवंथ करत बसते. तिच्या पाठीवर गोणपाट बांधून आपल्याला बरं वाटतं, इतकंच. आणि ते गोणपाट दवानं, मुतानं ओलं झालं तर नसलेलं परवडतं.

खरा धोका लहानाला असतो. नुकत्याच जन्मलेल्या वासराला पारा साधारण पंधरा अंशांखाली गेला की केवळ ऊब टिकवण्यासाठी अंगातली ताकद खर्च करावी लागते. करडाचं तर अंगच एवढंसं. अशा जिवाला पहिली ऊब आईच्या चाटण्यातून मिळते, दुसरी चिकातून. जन्मल्यावर पहिल्या तासा-दोन तासांत चीक पोटात गेला पाहिजे. 'वार पडेपर्यंत चीक काढायचा नाही' असं म्हणणाऱ्या पुष्कळ आज्यांशी मी भांडलो आहे. काही जिंकलो, काही हरलो. जिथं हरलो तिथं सकाळी वासरू कोपऱ्यात ताठ झालेलंही पाहिलं आहे.

तिसरी ऊब अंथरुणातून. दगडी किंवा सिमेंटची फरशी अंगातली ऊब शोषून घेते आणि ओली असली तर विचारूच नका. पेंढ्यात काय असतं? काड्यांच्या मधे अडकलेली हवा असते, आणि ती हवाच ऊब धरून ठेवते. पेंढा पुरेसा आहे की नाही हे ओळखायची सोपी खूण सांगतो. वासरू बसल्यावर त्याचे पाय पेंढ्यात दिसेनासे झाले पाहिजेत. आणि पेंढा कोरडा आहे का, हे पाहायला तिथं स्वतः गुडघे टेकून थोडा वेळ बसा. धोतराचे किंवा पँटीचे गुडघे ओले झाले तर पेंढा बदला. मी हे शेतकऱ्यांसमोर करून दाखवायचो. नोकरीत माझ्या पँटींचे गुडघेच आधी फाटले.

गोधडीचं शास्त्रही हेच. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक रचून टाके घातले की थराथरांत हवा अडकते. उन्हात घातलेली गोधडी रात्री उबदार वाटते, कारण तिच्यातली ओल उडालेली असते आणि ती पुन्हा फुगलेली असते. घोंगडीची गोष्ट आणखी वेगळी. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. चिंचोक्याच्या खळीनं ताठ केलेली घोंगडी नव्या सुनेला टोचते खरी, पण सुगीनंतर वावरात मेंढरं बसवणारे धनगर उघड्या माळावर तिच्याच भरवशावर रात्र काढतात. वाघरीत मेंढरं, डालग्याखाली कोकरं आणि घोंगडीत माणूस. त्यांनी कुठलं भाषण ऐकलेलं नसतं.

कुत्र्या-मांजरांकडे वळतो. हल्ली आमच्या वणीतही पामेरियन आले, लॅब्राडोर आले, आणि त्यांच्याबरोबर स्वेटरही आले. दाट केसांच्या कुत्र्याला आमच्या थंडीत स्वेटर लागत नाही. तो खाजवत बसतो आणि मग माझ्याकडे आणतात, 'त्वचेचा काहीतरी रोग झालाय' म्हणून. गरज असते ती आखूड केसांच्या, म्हाताऱ्या किंवा नुकत्याच व्यालेल्या कुत्रीला, आणि पिल्लांना. त्यांनाही स्वेटरापेक्षा जमिनीपासून चार बोटं उंच फळी द्या, त्यावर कोरडं गोणपाट द्या आणि तीन बाजूंनी आडोसा करा. खोपा मोठा नको. कुत्र्याला अंग मुडपून बसता यावं इतकाच हवा. लहान जागा त्याच्याच ऊबेनं तापते, मोठी तापत नाही. तोंड उत्तरेला नको, वारं तिकडून येतं.

मांजराला काही शिकवावं लागत नाही. चुलीची राख होती तोवर ते राखेत झोपायचं. गॅस आला, राख गेली, आणि मांजर गाडीच्या इंजिनावर जाऊन बसायला लागलं. रात्री परतलेल्या जीपचं, ट्रॅक्टरचं इंजिन बराच वेळ गरम राहतं. सकाळी गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा, एवढी विनंती. न मारल्यानं काय होतं ते मी पाहिलं आहे, सकाळच्या चहाच्या वेळेला त्याचं वर्णन करत नाही.

कोंबडीच्या पिल्लांचंही चुलीसारखंच झालं. पहिल्या आठवड्यात पिल्लांना पस्तीस अंशांच्या आसपास ऊब लागते. पुढे दर आठवड्याला ती तीनेक अंशांनी उतरवायची. पूर्वी खोक्यात साठचा नाहीतर शंभरचा बल्ब सोडला की काम व्हायचं. तो बल्ब खाल्लेल्या विजेतली बहुतेक उष्णतेतच घालवायचा. उजेडाच्या बाबतीत तो उधळ्या होता, पण पिल्लांसाठी शेगडी होता. आता एलईडी आले. एका बाईंनी माझ्याकडे तक्रार आणली, "दिवा रात्रभर चालू होता, तरी पिल्लं मेली." दिवा लख्ख होता, पण त्याला ऊबच नव्हती! त्या बाईंची काय चूक? दिवा म्हणजे ऊब हे आपल्या पिढ्यांच्या अंगवळणी पडलेलं. तर पिल्लांसाठी तापणारा दिवा मुद्दाम मागून घ्या आणि थर्मामीटर नसला तरी पिल्लांकडे पाहा. दिव्याखाली ढीग करून चिवचिवाट करत असतील तर ऊब कमी आहे. कडेला पळून चोची वासून बसली असतील तर जास्त आहे. खोकाभर पसरून दाणे टिपत असतील तर तुम्ही निवांत झोपा.

आता कोळशाकडे येतो. हे सांगायचं म्हणूनच खरं तर मी हे भाषण द्यायला होकार दिला.

डिसेंबर २०१८ ची अखेर. निफाडचा पारा दोन अंशांच्याही खाली गेल्याच्या बातम्या होत्या. मी तेव्हा निवृत्त झालेलो होतो. घरी मी, आमची सौभाग्यवती, आई, एक मांजर आणि हौसेखातर पाळलेली एक शेळी. शेळीला दोन करडं होऊन तीन दिवस झाले होते. आई ऐंशीच्या पुढची. तिनं फर्मान काढलं, "लेकरं पडवीत गारठतील, माझ्या खोलीत आणा." आईची खोली म्हणजे घराला मागून जोडलेली स्लॅबची दहा बाय दहाची खोली, सरकत्या काचेची एकच खिडकी. आमचं मूळ घर कौलारू. त्याच्या कौलांतून वारं यायचं, म्हणून तर आईसाठी ही 'पक्की' खोली बांधली होती.

करडं पोत्यावर ठेवली. मी शेगडी पेटवली. आधी अंगणात ठेवून, धूर पूर्ण जाऊन निखारे लालभडक होईपर्यंत वारा घातला, कारण धुरानं आईला खोकला येतो. मग शेगडी आत नेली. खिडकी लावली. दाराखालून गार वारं येत होतं म्हणून तिथं गोणपाट कोंबलं. हे सगळं मी केलं, माझ्या हातानं. आयुष्यभर लोकांना 'गोठ्याचा झरोका बुजवू नका' म्हणून सांगणाऱ्या माणसानं.

पहाटे साडेतीनच्या सुमाराला शेळी ओरडायला लागली. सड भरले होते, पिल्लं जवळ नव्हती. मी चरफडतच उठलो, करडं तिच्याकडे नेऊन सोडावीत म्हणून. दार ढकललं तर ते गोणपाटामुळे अडकलं. आत गेलो. खोली छान उबदार होती. मांजर आईच्या पायाशी होतं. ते उठलं, दोन पावलं टाकली आणि कलंडलं. शेगडीजवळचं करडू हलत नव्हतं. मला आधी वाटलं, थंडीनं गेलं. सवयीनं त्याचा ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. थंडीनं गेलेल्या करडाच्या हिरड्या पांढुरक्या किंवा निळसर पडतात. याच्या गुलाबी होत्या, जिवंतपणीही नसतील इतक्या गुलाबी. तेवढ्यावरून मला कळलं.

आईला हाक मारली. ती "हं" म्हणाली आणि पुन्हा गप्प झाली. खाटेसकट तिला ओढत पडवीत आणलं. बाहेर हाडं गोठवणारा गारठा, आणि त्या गारठ्यात मी तिला 'मोठा श्वास घे, मोठा श्वास घे' म्हणून हलवत होतो. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "खोलीत काय पेटवलं होतं?" प्राणवायू लावला. दोन दिवस तिचं डोकं दुखत राहिलं, मळमळ राहिली, आणि मग ती सावरली. दुसरं करडू जगलं. मांजरही जगलं.

झालं होतं ते असं. बंद जागेत निखारे धुमसतात तेव्हा त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, त्यानं डोळे चुरचुरत नाहीत. धूर निदान खोकायला लावून माणसाला बाहेर तरी काढतो. धूर गेला म्हणजे शेगडी निर्धोक झाली, हा माझा समज होता आणि तुमच्यापैकी अनेकांचा असेल. रक्तातला जो लाल पदार्थ प्राणवायू वाहून नेतो, त्याला हा वायू प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. मग रक्त लाल दिसतं, पण प्राणवायू पोचत नाही. आधी डोकं जड होतं, मग मळमळतं, मग गुंगी येते. आणि झोपलेल्या माणसाला यातलं काही कळतच नाही, झोप फक्त अधिक गाढ होत जाते. लहान जीव भरभर श्वास घेतो म्हणून आधी जातो. विलायतेत कोळशाच्या खाणींत पिंजऱ्यात कॅनरी पक्षी नेत असत ते यासाठीच, आणि ती प्रथा १९८६ पर्यंत चालू होती. माझ्या घरात ते काम करडानं केलं. आमची शेळी ओरडली नसती तर मी सात वाजता उठलो असतो.

म्हणून हात जोडून सांगतो. शेगडी, घमेल्यातले निखारे, लाकडाची धुनी यातलं काहीही पेटतं ठेवून बंद खोलीत झोपू नका. खोली तापवायचीच असेल तर दार-खिडकी उघडी ठेवून, माणूस जागा असताना तापवा आणि निजायच्या आधी निखारे अंगणात नेऊन विझवा. राखेखाली झाकलेला निखाराही निखाराच. हवा न खेळणाऱ्या न्हाणीघरातल्या गॅस गिझरलाही हेच लागू. आणि गोठ्यातही हेच. थंडी म्हणून गोठा चारही बाजूंनी ताडपत्रीनं बंद केला की मुताचा तिखट वायू खाली साचतो. उभ्यानं तो कळत नाही. वासराच्या नाकाच्या उंचीवर बसून श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर वासराच्या छातीत काय चाललं असेल ते समजा. वारा अंगावर येऊ नये, पण डोक्यावरून निघून जावा. आडोसा खाली करायचा, झरोका वर ठेवायचा.

या घटनेनंतर मला कळवण-सुरगाण्याकडची, आदिवासी वस्त्यांवरची जुनी घरं पुन्हा आठवायला लागली. नोकरीत त्या घरांत मी किती रात्री काढल्या असतील. कारवीच्या कुडाच्या भिंती, वर माती-शेणाचा लेप, कौलांचं छप्पर, आणि एकाच छपराखाली एका बाजूला माणसं आणि दुसऱ्या बाजूला जनावरं. निवांत पडलेलं एक माणूस जुन्या ऐंशी-शंभर वॉटच्या बल्बाइतकी उष्णता बाहेर टाकतं. गाय त्याच्या कितीतरी पट टाकते. चार गाई-बैल आत बांधले की ती घरभर न विझणारी शेगडीच झाली, आणि कौलांतून हवा खेळती. त्या घरांचं मी गोडवे गाणारं वर्णन करणार नाही. तिथं गोचीड असत, पिसवा असत, चुलीच्या धुरानं बायकांचे डोळे गेलेले असत. जनावरांचे काही आजार माणसांत येतात, त्यामुळे आज कोणी मला विचारलं तर मी मधे भिंत बांधा असंच सांगेन. पण त्या घरात निखाऱ्यानं गुदमरून कोणी मेल्याचं मी ऐकलं नाही. आपण स्लॅब टाकला, काचा बसवल्या आणि शेगडी मात्र जुनीच आत नेली.

आईच्या खोलीत आता शेगडी नाही. लाकडी खाट आहे, खाली दोन गोधड्या, वर एक गोधडी आणि त्यावर घोंगडी. डोक्याला कानटोपी, कारण म्हातारपणी ऊब तयारच कमी होते आणि थंडी वाजल्याचंही उशिरा कळतं. ती 'मला नाही वाजत' म्हणाली तरी मी हाताला नव्हे, पोटाला हात लावून पाहतो. वासराचं पाहायचो तसंच. गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून आधी अंथरुणात ठेवतो आणि ती झोपायला आली की काढून घेतो. साखरेच्या आजारात पायांना चटका कळत नाही. पिशवी रात्रभर पायाशी राहून फोड आलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि तशाच गरम बाटल्यांनी पोळलेली कुत्र्याची पिल्लंही. मांजर तिच्या पायाशी असतं, ते मात्र आम्ही काढत नाही. करडं झाली की पडवीत, आडव्या ठेवलेल्या पिंपात, पेंढ्यात, शेळीच्या समोर.

खिडकी दोन बोटं उघडी ठेवायची असा मी नियम केला आहे. आईला तो मुळीच मान्य नाही. करडू थंडीनंच गेलं, असं ती आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. रोज रात्री ती त्या फटीत फडकं कोंबते आणि मी निजायच्या आधी जाऊन ते काढतो. काल दोनदा काढलं.